अल्सरचा इलाज कुठल्या क्रमाने करायचा: टेस्टच्या आधीपासून ते शेवटच्या खात्रीपर्यंत

बरीच वर्षं मेडिकल चालवतोय. काउंटरवर दिवसभर एक वाक्य ऐकू येतं, "पित्त झालंय, पॅनची एक पट्टी द्या". बहुतेकांना खरंच साधी ॲसिडिटी असते आणि चार दिवसांत बरं वाटतं. पण काही चेहरे दर दीड-दोन महिन्यांनी परत दिसतात, तीच पट्टी, तीच तक्रार, आणि एक दिवस घरचं कोणीतरी येऊन सांगतं की ॲडमिट केलंय, अल्सरमधून रक्त गेलं. अशा लोकांशी बोलून माझ्या लक्षात आलंय की औषध चुकीचं नसतंच बरेचदा, क्रम चुकलेला असतो. आधी गोळी आणि मग टेस्ट, कोर्स आठव्या दिवशी बंद, आणि शेवटची खात्रीची टेस्ट तर जवळजवळ कोणीच करत नाही. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लिहितोय. औषधं कुठली आणि किती हे तुमचा डॉक्टरच ठरवणार, पण त्यांनी ठरवलेलं नीट पार पाडणं आपल्या हातात असतं.

आधी एवढं डोक्यात ठेवा. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या आतल्या अस्तराला पडलेली खोल जखम. ती दोन मुख्य कारणांनी पडते, एक म्हणजे एच. पायलोरी नावाचा जंतू आणि दुसरं पेनकिलर. तिखट खाल्ल्याने किंवा टेन्शनने अल्सर होतो असं घरोघरी सांगतात, पण मिरचीने असलेली जखम झोंबते, जखम ती पाडत नाही. पॅनसारखी ॲसिड कमी करणारी गोळी जखमेला भरायला वेळ देते, पण कारण तसंच राहिलं तर गोळी बंद झाल्यावर जखम पुन्हा होते. दर दीड-दोन महिन्यांनी तीच पट्टी न्यायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं हेच होत असणार.

सगळ्यात आधी: ही लक्षणं असतील तर पुढचं वाचत बसू नका

संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच घाण वासाची होतेय. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडतंय. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट लाकडासारखं कडक झालंय. उठल्यावर चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. ह्यातलं एक जरी असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी करून थेट मोठ्या हॉस्पिटलला जा, रात्र असली तरी, आणि जाताना तोंडाने काही देऊ नका, दूध नाही, लिंबूपाणी नाही, पेनकिलर तर अजिबात नाही.

वजन आपोआप कमी होतंय, घास गिळताना अडकतोय, सकाळी खाल्लेलं संध्याकाळच्या उलटीत तसंच पडतंय, रक्त कमी झालंय असं रिपोर्टमध्ये आलंय, किंवा पन्नाशीनंतर हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालाय, अशांना आज रात्री पळायची गरज नाही पण ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, "अजून एक पट्टी घेऊन बघतो" करायचं नाही.

⚠️ लोहाच्या गोळ्या आणि बिस्मथ (जंतूच्या कोर्समध्ये बरेचदा असणारं एक औषध) ह्यांनीही संडास काळी होते. तेव्हा ती सहसा घट्ट असते, डांबरासारखी चिकट नसते. पण घरी बसून ठरवू नका, शंका आली तर दाखवा.

१. डॉक्टरकडे जाण्याआधी: गोळ्यांची पिशवी आणि एक कागद

ही तयारी दहा मिनिटांची आहे आणि बहुतेक लोक ती करत नाहीत. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत टाका, बीपीच्या, शुगरच्या, गुडघ्याच्या, डोकेदुखीच्या, वैद्यांकडून आणलेल्या पुड्यासुद्धा. डॉक्टर विचारतात "पेनकिलर घेता का?" आणि पेशंट खरं मनापासून "नाही" म्हणतो, कारण त्याच्या हिशोबाने तो अंगदुखीची गोळी घेतो, पेनकिलर नाही. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, झेरोडॉलमध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि डिस्प्रिन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. सगळ्या एकाच घरातल्या, आणि सगळ्या जठराचं अस्तर उघडं पाडतात.

गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या आणि "जडीबुटीच्या" गोळ्या तर पिशवीत हव्यातच. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइड किंवा पेनकिलर कालवलेलं सापडतं, आणि स्टिरॉइड अधिक पेनकिलर ही जोडी पोटासाठी फार वाईट.

कागदावर लिहा: दुखतं कुठे, कधी, जेवल्यावर वाढतं की कमी होतं, रात्री झोपेतून उठवतं का. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर बरेचदा खाल्ल्यावर बरं वाटतं आणि दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री परत दुखायला लागतं, जठरातला असेल तर खाल्ल्यावर वाढू शकतं. हे प्रत्येकात असंच दिसेल असं नाही, पण डॉक्टरला दिशा मिळते. तंबाखू, मशेरी, सिगारेट, दारू जे असेल ते खरं लिहा. सिगारेटने जखम भरायला उशीर होतो आणि परत व्हायचा धोकाही वाढतो.

✔ तपासा: पिशवीतल्या प्रत्येक पट्टीवर नाव वाचता येतंय का? कापलेल्या पट्टीचं नाव गेलं असेल तर मेडिकलवाल्याला दाखवा, रंगावरून अंदाज करू नका.

⚠️ एक नेहमीचा गैरसमज. "पेनकिलर मी जेवणानंतरच घेतो" किंवा "मी इंजेक्शन घेतो, गोळी नाही, म्हणून पोटाला त्रास नाही". ही औषधं रक्तात जाऊन अस्तराचं संरक्षण करणारी रसायनं कमी करतात, त्यामुळे गोळी, इंजेक्शन, गुदद्वारातून घ्यायची गोळी, कशानेही अल्सर होऊ शकतो. आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये तर काही वेळा अजिबात दुखत नाही, पहिलं लक्षणच काळी संडास असतं.

२. टेस्ट आधी, पॅन नंतर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एच. पायलोरी जठरात राहतो आणि युरिया फोडून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्याने ॲसिडमध्ये त्याचा बचाव होतो. बऱ्याच टेस्ट ह्याच कामावर किंवा जंतूच्या संख्येवर चालतात. तुम्ही पॅन, ओमेझ, रॅबेप्रॅझोल असलं काही घेत असाल तर जंतू मरत नाही पण दबून जातो, संख्या कमी होते, आणि टेस्ट "निगेटिव्ह" येते. पेशंट खूश, डॉक्टरही फसतो, आणि जंतू तिथेच.

म्हणून साधा नियम असा, जंतूच्या टेस्टआधी पॅनच्या घरातली गोळी किमान २ आठवडे बंद हवी, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ किमान ४ आठवडे बंद हवं. सर्दीखोकल्यासाठी तीन दिवस घेतलेलं अँटिबायोटिकही ह्यात मोजायचं, ते लोक नेमकं विसरतात.

⚠️ पण बंद करायची ती डॉक्टरला विचारूनच. ज्यांना नुकताच रक्तस्राव झालाय, किंवा जे हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, त्यांनी स्वतःच्या मनाने पॅन बंद करणं धोक्याचं आहे. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळा मार्ग काढतात.

टेस्ट कुठल्या असतात ते बघू. कमी वय असेल आणि वरच्यासारखी धोक्याची लक्षणं नसतील तर बरेचदा श्वासाची किंवा शौचाची टेस्ट पुरते. श्वासाच्या टेस्टला उपाशीपोटी एक गोळी किंवा द्रव देतात आणि काही मिनिटांनी पिशवीत किंवा कार्डात फुंकायला लावतात, एवढंच. ती दोन प्रकारची असते, कार्बन-१३ आणि कार्बन-१४, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी कार्बन-१३ वालीच, म्हणून आधी सांगा. शौचाच्या टेस्टमध्ये जंतूचं ॲंटिजेन, म्हणजे जंतूचेच अंश, शोधतात. लॅबमध्ये मागताना "ॲंटिजेन" असं स्पष्ट म्हणा.

रक्ताची टेस्ट मात्र इथे फारशी कामाची नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात एच. पायलोरी आयजीजी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीची टेस्ट) टाकलेली असते, ती पॉझिटिव्ह आली की लोक घाबरून येतात. ती फक्त एवढंच सांगते की हा जंतू कधीतरी तुमच्या शरीरात आला होता. जंतू मेल्यावरसुद्धा ती कितीतरी महिने, वर्षं पॉझिटिव्हच राहू शकते, त्यामुळे आत्ता जंतू आहे का हे तिच्यावरून ठरत नाही आणि इलाज लागू पडला का हे तर अजिबातच नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू कधी ना कधी येतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

३. एंडोस्कोपीचा दिवस

नाव ऐकूनच लोक महिनेमहिने टाळतात. तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून जठर आतून बघतात, आणि प्रत्यक्ष नळी आत असते ती साधारण ५ ते १० मिनिटं. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून अशा मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांतही एंडोस्कोपी होते आणि खर्च खाजगीपेक्षा खूप कमी येतो, रांग असते एवढंच.

आदल्या रात्री हलकं जेवा आणि लवकर. त्यानंतर ६ ते ८ तास काही खायचं नाही. चहासुद्धा नाही, दुधाचा तर नाहीच, "अर्धाच कप घेतला" ह्या कारणाने अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते, कारण जठरात काही असलं तर नीट दिसत नाही आणि ते श्वासनलिकेत जायची भीती असते. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते सेंटरला विचारून घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीसारखं घेऊ नका, त्या दिवसाचं काय करायचं ते आधीच्या भेटीत विचारून ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तसंच, विचारायचं, मनाने बंद करायची नाही.

कवळी काढून ठेवा. घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, त्याची चव कडू असते. झोपेचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत कोणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, स्कूटरसुद्धा नाही. नळी आत असताना ओकारी येते तेव्हा नाकाने सावकाश श्वास घेत राहायचं आणि लाळ गिळायची नाही, बाहेर वाहू द्यायची. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे अर्धा ते एक तास, खायचं प्यायचं नाही नाहीतर ठसका लागतो.

✔ बाहेर पडण्याआधी विचारा: "बायोप्सी (तपासायला अस्तराचा छोटा तुकडा) घेतली का? जंतूसाठी घेतली का? रिपोर्ट कधी मिळणार?" बरेच लोक एंडोस्कोपीचा फोटोवाला कागद घेऊन जातात आणि बायोप्सीचा रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहतो.

४. रिपोर्टवर काय लिहिलंय

अँट्रम म्हणजे जठराचा खालचा भाग आणि डी१ म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग. "इरोजन" म्हणजे वरवर सोललेलं, ती अल्सरइतकी खोल जखम नसते. "गॅस्ट्रायटिस" म्हणजे सूज. "आरयूटी" ही तिथल्या तिथे होणारी जंतूची टेस्ट, बायोप्सीचा तुकडा पिवळ्या द्रवात टाकतात, तो गुलाबी-लाल झाला तर पॉझिटिव्ह. "फॉरेस्ट" पुढे आकडा असेल तर तो रक्तस्रावाबद्दल आहे, १ म्हणजे रक्त वाहतंय, २ म्हणजे नुकतं वाहून गेल्याच्या खुणा, ३ म्हणजे तळ स्वच्छ.

⚠️ आरयूटी निगेटिव्ह आलीय पण तुम्ही त्या काळात पॅन घेत होता, किंवा रक्तस्राव सुरू असताना टेस्ट झाली, तर तो निकाल पक्का धरू नका. डॉक्टरला तोंडाने सांगा, "मी पॅन चालू असताना टेस्ट झाली". परत करावी लागू शकते.

अल्सर जठरात असेल तर बायोप्सी आणि नंतरची दुसरी एंडोस्कोपी जास्त महत्त्वाची, कारण जठरातला कॅन्सर कधीकधी सुरुवातीला साध्या अल्सरसारखा दिसतो. डी१ मधल्या अल्सरला ही भीती सहसा नसते.

५. चौदा दिवसांचा कोर्स

जंतू पॉझिटिव्ह आला की डॉक्टर दोन-तीन अँटिबायोटिक, ॲसिडची गोळी आणि बरेचदा बिस्मथ असा संच लिहितात. जुनी पद्धत म्हणजे ॲसिडची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन, तिन्ही दिवसातून दोनदा. पण क्लॅरिथ्रोमायसिनला न दबणारे जंतू वाढलेत, मेट्रोनिडाझोलला तर आपल्याकडे आधीपासूनच आहेत, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी बिस्मथसकट चार औषधांचा संच देतात, त्यात मेट्रोनिडाझोलचा डोस आणि दिवस पूर्ण ठेवले तर ते तरीही उपयोगी पडतं. ह्यातला कुठला तुम्हाला द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, गरोदर असाल, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन किंवा रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन स्टॅटिन आणि वॉरफेरिनशी भांडतं, आणि चार औषधांच्या संचातलं टेट्रासायक्लिन गरोदरपणात आणि लहान मुलांना देत नाहीत.

५अ. विकत घेताना. सगळी औषधं १४ दिवसांची एकदम घ्या. "आत्ता पाच दिवसांची द्या, बरं वाटलं तर बाकीची नेतो" हे ह्या कोर्सला अजिबात चालत नाही. काही कंपन्यांचे तयार किट येतात, एका दिवसाचं एक पाकीट, पण काही डबे सातच दिवसांचे असतात, लोकांना वाटतं डबा संपला म्हणजे कोर्स संपला. चिठ्ठीवरचे दिवस बघा, डब्यावरचे नाही. टेट्रासायक्लिन सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, नसेल तर डॉक्टरला फोन करून विचारा, दुकानदाराने "हे पण तसंच आहे" म्हणून दिलेलं घेऊ नका. मी स्वतः दुकानदार असून सांगतोय.

५ब. दिवसाचं वेळापत्रक. कागदावर लिहून फ्रिजला किंवा देवघराशेजारी चिकटवा आणि प्रत्येक डोसनंतर खूण करा. ॲसिडची गोळी दोनदा आहे असं धरू:

सकाळी ७ ला ॲसिडची गोळी, साध्या पाण्याबरोबर
पावणेआठला खरा नाश्ता, पोहे, उपमा, भाकरी काहीही
नाश्ता झाल्या झाल्या अँटिबायोटिक
संध्याकाळी ७ ला ॲसिडची दुसरी गोळी
पावणेआठला जेवण, आणि लगेच अँटिबायोटिक

दिवसातून तीन-चारदा घ्यायची औषधं असतील तर दुपारची आणि झोपतानाची वेळ चिठ्ठीवरच लिहून घ्या. आणि हो, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ नाही, स्वतःच्या जेवणाची वेळ धरायची.

ॲसिडची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास का, तर जठरातले ॲसिड तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी फक्त जाग्या पंपांनाच बंद करते. रक्तात ती एक-दोन तासच टिकते. आपल्याकडे लोक सकाळी ७ ला गोळी घेतात, वर चहा-बिस्किट, आणि थेट १ वाजता जेवतात, मग पंप जागे होईपर्यंत गोळी संपून गेलेली असते. रात्री जेवून झोपताना घेतलेली पॅनही अशीच बरीचशी वाया जाते. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, तिच्यावर ॲसिडपासून वाचवणारं आवरण असतं. आणि पहिल्याच डोसला फरक पडला नाही म्हणून घाबरू नका, पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात.

५क. काय टाळायचं. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना दारू नाही, आणि कोर्स संपल्यावरही तीन दिवस नाही. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही, द्राक्षासव, अशोकारिष्ट असली आसवं-अरिष्टं आंबवून बनतात आणि त्यांच्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, घरातल्या बायका ती औषध म्हणून रोज घेत असतात, तेवढे दिवस ती बंद ठेवा. टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास दूध, दही, पनीर, कॅल्शियम, लोहाची गोळी, डायजिन-जेलुसिल काही नाही, कारण त्यांना चिकटून औषध तसंच बाहेर जातं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर तिथे नवीन जखम करते. उन्हात फिरताना अंग झाका.

कोर्समध्ये उपवास आला तर? रिकाम्या पोटी ही अँटिबायोटिकं झेपत नाहीत, मळमळतं, मग लोक डोस चुकवतात. संकष्टी-एकादशीला काहीतरी फराळ दोन्ही वेळेला नक्की खा, निर्जळी उपवास असेल तर कोर्सची तारीख डॉक्टरला विचारून त्याच्यानंतर ठेवा.

५ड. त्रास झाला तर. तोंडात धातूसारखी कडू चव येते, चहासुद्धा नकोसा वाटतो. बिस्मथने संडास आणि कधीकधी जीभही काळी होते. थोडं मळमळतं, पोट जरा सैल होतं. हे सगळं अपेक्षित आहे, कोर्स संपला की जातं, आणि नेमकं ह्याच कारणाने लोक सहाव्या-सातव्या दिवशी गोळ्या बंद करतात. बंद केलं तर कमजोर जंतू मेलेले असतात आणि टिकून राहिलेले त्या औषधाला दाद देत नाहीत, पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही.

⚠️ अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, चेहरा-ओठ सुजले, श्वास लागला तर थांबवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. पाण्यासारखे खूप जुलाब किंवा जुलाबात रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

एखादा डोस विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नाही.

६. अँटिबायोटिक संपल्यावर

इथून पुढची ॲसिडची गोळी किती दिवस हे अल्सर कुठे आणि केवढा होता त्यावर असतं. लहान आतड्यातला साधारण ४ ते ८ आठवड्यांत भरतो, जठरातल्याला ८ ते १२ लागू शकतात. दुखणं मात्र पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच थांबतं, म्हणून दुखत नाही म्हणजे भरलं असं समजू नका.

आणि उलटंही होतं, कोर्स संपून वर्ष झालं तरी पॅन रोज चालूच, कोणी सांगितलं नाही म्हणून. वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. बंद केल्यावर काही आठवडे ॲसिड उलट उसळतं आणि जळजळतं, त्याला लोक "अल्सर परत आला" समजून पुन्हा सुरू करतात. बंद करायची तारीख डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

खाण्याचं थोडक्यात: जे खाल्ल्यावर तुम्हाला त्रास होतो ते तेवढे दिवस टाळा, बाकी वेगळा आहार लागत नाही. आमसुलाचं सार आवडत असेल आणि झोंबत नसेल तर खुशाल घ्या, पण त्याने अल्सर भरत नाही. दर दोन तासांनी थंड दूध पिऊ नका, घटकाभर बरं वाटतं पण दुधातल्या कॅल्शियम आणि प्रथिनांनी नंतर ॲसिड वाढतं.

७. खात्रीची टेस्ट, तारखेनिशी

जंतू गेला का हे बरं वाटण्यावरून कळत नाही. परत श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करायची, अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे आणि पॅन बंद होऊन किमान २ आठवडे झाल्यावर. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात, इथेच हिशोब चुकतो, म्हणून उदाहरण देतो.

१ जूनला कोर्स सुरू, १४ जूनला अँटिबायोटिक संपली. डॉक्टरने ॲसिडची गोळी एकूण ८ आठवडे सांगितली, म्हणजे २६ जुलैपर्यंत. अँटिबायोटिकचे ४ आठवडे १२ जुलैलाच झाले, पण पॅन अजून चालू आहे म्हणून तेव्हा टेस्ट नाही. २७ जुलैपासून १४ दिवस मोजले की ९ ऑगस्ट, म्हणजे टेस्ट १० ऑगस्टला किंवा त्यानंतर. ही तारीख कोर्सच्या पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मधल्या दोन आठवड्यांत जळजळलं तर साधं अँटासिड सिरप बहुतेक चालतं, तरी लॅबला सांगा, आणि दुसरी कुठली ॲसिडची गोळी हवी असेल तर डॉक्टरला विचारा. जठरातला अल्सर असेल तर दुसऱ्या एंडोस्कोपीच्या वेळीच जंतूचीही तपासणी होऊ शकते, तेव्हा पॅन कधी बंद करायची हे आधीच ठरवून घ्या.

८. पेनकिलरचं काय करायचं

पेनकिलरमुळे अल्सर झाला असेल तर ती बंद हाच मुख्य इलाज, आणि जोडीला ॲसिडची गोळी साधारण ८ आठवडे. जंतूही पॉझिटिव्ह असेल तर दोन्ही कारणांचा इलाज करायचा, एकाचा करून दुसरं सोडायचं नाही.

पुढे ताप, अंगदुखी, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरने सांगितलेल्या मापात, दारू घेणाऱ्यांनी आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी खास विचारून. घ्यायच्या आधी पट्टी वाचा, नुसतं पॅरासिटामॉल आहे ना, कारण कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉल आहे, फक्त एकटं नाही. संधिवातासारख्या आजारात पेनकिलर टाळताच येत नसेल तर डॉक्टर पोटाला कमी त्रास देणारी निवडतात आणि सोबत ॲसिडची गोळी चालू ठेवतात.

⚠️ हृदयाची ॲस्पिरिन स्वतःहून बंद करायची नाही, काही झालं तरी. स्टेंट घातलेला असेल तर ती अचानक बंद केल्याने रक्ताची गाठ होऊ शकते. हृदयाचा आणि पोटाचा, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, तेवढं नक्की विचारा.

९. टेस्ट परत पॉझिटिव्ह आली तर

होतं असं, सगळं नीट करूनही होतं, आणि त्यात तुमची चूक असेलच असं नाही. दुसरा कोर्स करायचा, पण पहिल्यापेक्षा वेगळ्या अँटिबायोटिकांचा. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा फेल गेलं असेल तर परत त्याच्यावर वेळ घालवत नाहीत. पण नवीन डॉक्टरला हे कळणार कसं? म्हणून पहिल्या कोर्सची चिठ्ठी, रिकाम्या पट्ट्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो, किती डोस चुकले तो खुणा केलेला कागद, एंडोस्कोपी आणि बायोप्सीचे रिपोर्ट, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. वरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कुठली औषधं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये नुसती पॅन घ्यायला आलात तरी ती फाइल घेऊन या.